समोरच्या फ्लॅटमधली अ‍ॅडमिनिस्ट्रेटर

रोशनने तिसऱ्यांदा माउसचं बटण दाबलं आणि तिसऱ्यांदा पडद्यावर तीच पाटी उगवली. सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने घातलेल्या नियमांमुळे हे सॉफ्टवेअर इन्स्टॉल करता येणार नाही. खाली बारीक अक्षरात सल्ला होता : आपल्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा. पाटी इंग्रजीत होती, पण जेवणाच्या टेबलाभोवती बसलेल्या पाचांपैकी चौघांना तिचा मराठी अर्थ बरोबर कळला आणि त्या चौघांनी एकाच वेळी फ्लॅटच्या बंद दाराकडे पाहिलं.

कारण अ‍ॅडमिनिस्ट्रेटर त्या दाराच्या पलीकडे, पॅसेज ओलांडला की समोरच्याच फ्लॅटमध्ये राहत होती.

"काय म्हणतंय?" भिकाजीरावांनी विचारलं. ते मराठी मंडळाचे अध्यक्ष. सकाळीच अबुधाबीहून गाडी हाणत आले होते आणि चष्मा गाडीतच विसरले होते.

"परवानगी नाही म्हणतंय," रोशन म्हणाला.

"कोणाची?"

कुंदाने उठून चहाचे कप गोळा करायला घेतले. त्यातले दोन अजून भरलेले होते.

संध्याकाळी सहा वाजता अल कुसैसमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये मंडळाचं नाटक होतं. लिहिलंय कुंदाने, बसवलंय कुंदाने, आणि बुडालं तर तेही कुंदाच्याच नावावर बुडणार होतं. नाटक होतं स्वयंपाकघरातलं. त्यात दाराची बेल वाजायची, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढायचं, आणि या आवाजांवरच पात्रांचं येणं-जाणं, भांडणं, समेट सगळं ठरलेलं होतं. बेल चुकली तर नवरा बायकोच्या आधी मेव्हण्याच्या गळ्यात पडला असता.

परवाच्या तालमीत रोशनने हे आवाज फोनवरून वाजवून पाहिले होते. नायिका, म्हणजे समिधा, डोळ्यांत पाणी आणून "मी हे घर सोडून चालले" म्हणाली आणि बेलच्या ऐवजी स्पीकरमधून टोलच्या खात्यात पैसे उरले नसल्याचा मेसेज टुणकन वाजला. तेव्हाच ठरलं की फोन नको. रोशनने मग एक सॉफ्टवेअर शोधलं. एकेका आवाजाला एकेक बटण, दाबलं की वाजलं. एका मित्राच्या घरच्या मोठ्या कंप्युटरवर बसून त्याने सगळे आवाज त्यात ओळीने लावलेही होते. आता ते फक्त मंडळाच्या लॅपटॉपवर चढवायचं राहिलं होतं आणि तिथेच माशी शिंकली होती.

दुसरे लॅपटॉप नव्हते असं नाही. आल्या आल्या प्रत्येकाने आपापला बाहेर काढला होता. भिकाजीरावांचा तेल कंपनीचा, रोशनचा बँकेचा, समिधाचा हॉस्पिटलचा आणि कुंदाचा नवरा अरुण याचा त्याच्या शिपिंग कंपनीचा. चारही लॅपटॉपांनी शब्दही न बदलता तेच उत्तर दिलं होतं. आखाती नोकरीत व्हिसा कंपनीचा, घर कंपनीचं, विमानाचं तिकीट कंपनीचं. लॅपटॉप तेवढा स्वतःचा कुठून असणार?

"तनयाचा आहे ना," अरुण म्हणाला.

तनया, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी, फ्रिजमधून पाण्याची बाटली घ्यायला तेवढ्यात बाहेर आली होती. "बाबा, माझा मॅक आहे. दॅट थिंग इज विंडोज ओन्ली." तिने जाता जाता पडद्यावरची पाटी वाचली. "आई, इट लिटरली सेज कॉन्टॅक्ट युअर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. सो कॉन्टॅक्ट हर."

आणि ती आत गेली. हे असलं सरळ बोलणं आपल्याकडे मुलांनाच परवडतं.

"मी जाऊन बेल वाजवू का?" रोशनने विचारलं.

"नको," कुंदा म्हणाली.

"मी गेलो असतो," भिकाजीराव म्हणाले, "पण अध्यक्षाने असं जाणं बरं दिसत नाही. उद्या मंडळात तसा पायंडा पडेल."

गोष्ट अशी झाली होती. समोरची रंजिता शारजातल्या एका हॉस्पिटलमध्ये कंप्युटरचं खातं सांभाळायची. गेल्या वर्षी अरुणने मंडळाच्या लॅपटॉपवर पत्रिका जुळवण्याचं एक फुकट सॉफ्टवेअर घातलं. पत्रिका जुळली नाही ती नाहीच, पण लॅपटॉप उघडला की टकलावर केस उगवण्याच्या जाहिराती यायला लागल्या. त्या वर्षीच्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी रंजिता याच टेबलाशी, याच खुर्चीवर बसली. तिने सगळं झाडून पुसून लख्ख केलं आणि वर कुलूप घातलं. यापुढे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या पासवर्डशिवाय त्यात कोणी काही घालू शकणार नव्हतं. कुंदा तेव्हा स्वयंपाकघर ते बाल्कनी अशा येरझारा घालत संध्याकाळचं आभारप्रदर्शन पाठ करत होती. मधेच रंजिता कीबोर्डवर काहीतरी टाइप करून स्वतःशीच हसली होती.

"हसतेस काय?" कुंदाने विचारलं होतं.

"काही नाही. तू म्हण पुढे. शाळेच्या प्रिन्सिपल कुलसुम मॅडमपर्यंत आली होतीस."

संध्याकाळी कुंदाने आभार मानले. कागद न बघता मानले, कारण कागद बघून आभार मानणारा माणूस तिला मनापासून आभारी वाटत नसे. कुलसुम मॅडम झाल्या, मेकअपच्या सुमैय्याबाई झाल्या, माइकचा स्टँड पळत जाऊन आणणारे वॉचमन बदरुद्दीन झाले, पार्किंगची व्यवस्था पाहणारे झाले, सामोसे झाले. आणि विंगेत उभं राहून दोन तास एकही चूक न करता संगीत देणाऱ्या रंजिताचं नाव तेवढं राहिलं. टाळ्या पडल्या, लोक जेवायला उठले. कुंदा घरी पोचेपर्यंत मंडळाच्या ग्रूपवर एक ओळ आली होती : रंजिता लेफ्ट.

मराठी माणूस पैसे बुडवलेले विसरेल, पण आभारातून वगळलेलं विसरणार नाही, हे कुंदाला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती समोरच्या दारापर्यंत गेलीही होती. पण बेलवर बोट ठेवताना तिच्या मनात आलं, इतक्या वर्षांची मैत्री, आणि ही एवढ्यावरून ग्रूप सोडते? मला विचारायचं तरी! आणि ती परत फिरली. माफी ताजी असतानाच मागावी लागते. शिळी झाली की तिला कितीही फोडणी द्या, चव येत नाही. मग दोघी लिफ्टमध्ये भेटल्या की मजल्यांच्या आकड्यांकडे इतक्या लक्षपूर्वक बघायच्या, जणू पहिल्यांदाच आकडे शिकताहेत.

कुंदाला तिची आठवण यायची. रोज यायची. रंजिताच्या बाल्कनीतला कढीपत्ता बंद झाला होता, त्याचं काही नाही, सुपरमार्केटात पाकीट मिळतं. पण कुंदा लिहायला बसली की तिला कुकरचं भान राहायचं नाही. पूर्वी अशा वेळी समोरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक यायची, "कुंदा, तीन झाल्या!" या वर्षात तिने दोन कुकर जाळले होते.

रोशन दरम्यान कामाला लागला होता. "कुंदाताई, एक करता येईल. अ‍ॅडमिनच्या नावाने आत शिरायचं. एकदा आत शिरलो की नियम मीच काढून टाकतो. फक्त पासवर्ड पाहिजे."

त्याने उगाच काहीतरी टाइप केलं. लॅपटॉपने ते नाकारलं आणि खाली एक ओळ दाखवली. पासवर्ड विसरणाऱ्यांसाठी मालकाने स्वतः लिहून ठेवलेली खूण. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं. रोशनने मोठ्याने वाचलं.

"आभारात कोणाचं नाव नसतं?"

समिधा नखांकडे बघायला लागली. भिकाजीरावांनी घसा साफ केला.

"बघा," कुंदा म्हणाली. तिचे कान तापले होते. "लॅपटॉपवर टोमणा मारून ठेवलाय."

"मग उत्तर सोपंच आहे," रोशन हळूच म्हणाला आणि त्याने रंजिताचं नाव टाइप केलं. मग पहिलं अक्षर मोठं करून टाइप केलं. मग आडनावासकट. लॅपटॉप बधला नाही.

"तिचं नाही?" भिकाजीरावांच्या चेहऱ्यावर हळूहळू वेगळाच प्रकाश पडला. ते खुर्चीत पुढे सरकले. "रोशन, माझं नाव घालून बघ जरा."

"तुमचं, सर?"

"तीन वर्षांपूर्वीचा कार्यक्रम आठवा. दीड तास स्टेजवर बसलो होतो, जाड कोट घालून. आणि आभारात काय? 'आणि इतर मान्यवर'. मी बोललो नाही कधी. रंजिताच्या लक्षात आलं असेल, ती हुशार आहे."

भिकाजी चाललं नाही. भिकाजीराव चाललं नाही.

"माझं घाला," समिधा म्हणाली. "त्या वर्षी मी नायिका होते. कुंदाताईंनी आभार कोणाचे मानले? मला साडी दिली तिचे. मी त्या साडीच्या आत होते, हे कोणी बोललंच नाही."

"अगं, मी तुझं कौतुक घरी येऊन केलं होतं!" कुंदा म्हणाली.

"घरी," समिधा म्हणाली.

समिधाचंही चाललं नाही. रोशनने मान खाली घालून, कोणाला न विचारता, आपलं नाव टाइप करून पाहिलं. तेही चाललं नाही. कुंदा एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. इतकी वर्षं ही माणसं तिच्या हातचे पोहे खात होती, 'कुंदाताई, कुंदावहिनी' करत होती, आणि प्रत्येकाच्या खिशात एकेक न मानलेला आभार घडी करून ठेवलेला होता.

तेवढ्यात खिडकीशी उभा असलेला अरुण खाकरला. "अरुण घालून बघा."

"अहो, तुमचे आभार मानले होते मी!"

"पार्किंगच्या नंतर," अरुण म्हणाला.

रोशनने अरुण टाइप केलं. लॅपटॉपने या वेळी वेगळीच पाटी दाखवली. फार वेळा चुकीचा पासवर्ड दिल्यामुळे आता थोडा वेळ काहीही स्वीकारलं जाणार नव्हतं.

"खलास," रोशनने हात वर केले. "आता दहा मिनिटं हातच लावू देणार नाही."

"यंत्रसुद्धा रुसलं," भिकाजीराव म्हणाले. "मंडळाचंच आहे म्हणा."

कुंदा स्वयंपाकघरात निघून गेली. तिने उगाच ओटा पुसला. पुसलेला पुन्हा पुसला. खिडकीतून समोरचं स्वयंपाकघर दिसत होतं. जाळीच्या पडद्यामागे कोणीतरी हालत होतं. भाजी चिरत असेल. सहा वाजता पडदा उघडणार, आणि बेल वाजली नाही तर समिधा दाराशी वाट बघत उभी राहणार, दोनशे माणसांसमोर. एवढंच तर करायचं होतं, सहा पावलं चालायची होती. पण आज गेले तर काय म्हणेल ती? वर्षभर तोंड दाखवलं नाही आणि आता काम अडलं म्हणून आलीस. आणि तिचं काही चुकलंही नसतं. तेच कुंदाला सहन होत नव्हतं.

तिने फ्रिजवर चुंबकाने लावलेला कागद काढला. आजचं आभारप्रदर्शन. यंदा कागद बघूनच वाचायचं तिने ठरवलं होतं. मनापासूनचं वाटलं नाही तरी चालेल.

अरुण मागोमाग आला होता. त्याने तिच्या खांद्यावरून वाकून कागदावर बोट फिरवलं.

"काय शोधताय?"

"आहे," तो समाधानाने म्हणाला. "पार्किंगच्या आधी आहे."

"झालं मनासारखं?"

"छान झालंय. कोणी राहिलं नाहीये. बदरुद्दीन आहेत, सामोसे आहेत." त्याचं बोट कागदाच्या तळाशी पोचलं. "फक्त तू नाहीस."

"मी कशी असेन? आभार मीच मानणार ना? मानणाऱ्याचंच नाव आभारात कसं…"

कुंदाचा हात ओट्यावर तसाच थांबला.

कुलूप कधी घातलं होतं? सकाळी. नाव कधी राहिलं? संध्याकाळी. त्यानंतर लॅपटॉप वर्षभर कुंदाच्याच कपाटात, साड्यांच्या खाली पडून होता. रंजिताने त्याला बोटही लावलं नव्हतं. ज्या सकाळी ती ओळ लिहिली गेली, त्या सकाळी कोणी कोणाला विसरलं नव्हतं. त्या सकाळी एक जण येरझारा घालत सगळ्या जगाचे आभार पाठ करत होती आणि दुसरी तिच्याकडे बघून हसत होती.

ती बाहेर आली. "रोशन, सरक जरा."

"ताई, अजून चार मिनिटं…"

"थांबते."

ती खुर्चीत बसून थांबली. मग तिने चष्मा पुसला आणि एका बोटाने, सावकाश, स्वतःचं नाव टाइप केलं. पाच इंग्रजी अक्षरं. सगळी छोटी.

लॅपटॉप मुकाट्याने उघडला.

"या अल्ला!" भिकाजीराव ओरडले. "काय होता? काय होता पासवर्ड?"

कुंदाला एकदम रडू आलं, आणि चारचौघांत रडू आलं म्हणून रागही आला. "काही नाही," ती म्हणाली. "साधाच होता."

रोशनला फुरसत नव्हती. त्याने भराभर कुठल्या कुठल्या खिडक्या उघडल्या, नियमांच्या लांबलचक यादीतला एक नियम शोधला, त्याच्यासमोरची खूण काढली, आणि मघाचंच सॉफ्टवेअर पुन्हा चालवलं. या वेळी पाटी आली नाही. हिरवी पट्टी सरपटत पुढे जाऊ लागली. समिधाने टाळी वाजवली आणि आत जाऊन साडी बदलायला लागली.

"चला, यल्ला, आटपा," भिकाजीराव म्हणाले. "सामान गाडीत टाकू. कुंदावहिनी, बघा, कोणाच्या दारात जायची वेळ आली नाही. मंडळाची शान राहिली."

कुंदाने पायात चपला सरकवल्या होत्या.

"आता कुठे?" अरुणने विचारलं.

"समोर."

"आता कशाला? उघडलं ना?"

"म्हणूनच," कुंदा म्हणाली.

तिने फ्लॅटचं दार सताड उघडं टाकलं, पॅसेज ओलांडला आणि विचार करायला वेळ मिळायच्या आत बेल दाबली. ही बेल चुकण्यातली नव्हती. आत पावलं वाजली, थांबली. दाराच्या बारीक भिंगामागे कोणीतरी बराच वेळ उभं आहे, हे कुंदाला कळत होतं. तिने केस सारखे केले. मग साखळी निघाली.

रंजिताच्या हातात कढीपत्त्याची डहाळी होती, अर्धी ओरबाडलेली. गेल्या वर्षापेक्षा ती थोडी बारीक झाली होती, किंवा कुंदाने तिला वर्षभर नीट पाहिलं नव्हतं.

येताना कुंदाने तीन वाक्यं जुळवली होती. नाव चुकून राहिलं. मी दुसऱ्या दिवशी आले होते. मी परत फिरले. त्यातलं एकही तोंडातून फुटेना.

"लॅपटॉप उघडत नाहीये, रंजिता," ती म्हणाली.

रंजिताने डहाळीचं एक पान तोडलं.

"खूण दिसली?"

"दिसली."

"सगळ्यांची नावं घालून पाहिलीत?"

"सगळ्यांची. भिकाजीराव धरून."

रंजिताच्या ओठांचा एक कोपरा किंचित हलला, पण तिने तो आवरला. "आणि काहीच चाललं नाही?"

"काहीच नाही," कुंदा म्हणाली. "तुलाच यावं लागेल. लॅपटॉपसाठी नाही आलीस तरी ये. नाटकाला ये. विंगेत उभी राहा, तो रोशन नवा आहे, घाबरतो."

इतक्यात मागच्या उघड्या दारातून, स्पीकरचा आवाज पूर्ण सोडून, कुकरची एक शिट्टी फुस्सकन निघाली. पॅसेज दणाणला. कुंदाने मान वळवली नाही. ती समोर बघत राहिली, ताठ, चेहऱ्यावरची रेघही न हलवता. दुसरी शिट्टी झाली. पाठोपाठ भिकाजीरावांचं "वा! रोशन, वा! अगदी खऱ्यासारखी!" ऐकू आलं. मग तिसरी.

रंजिताने कुंदाच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं, त्या उघड्या दाराकडे. मग डहाळी चपलांच्या कपाटावर ठेवली आणि पायाने चपला चाचपल्या.

"तीन झाल्या, कुंदा," ती म्हणाली, आणि बाहेर येऊन मागे दार ओढून घेतलं.